घटक ५ : संहितांचे संलग्न छायाचित्रण – केबलची जोडणी अखंड कशी राखावी

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• कॅमेरा लॅपटॉपला जोडून हस्तलिखितांची छायाचित्रे केव्हा घ्यावीत आणि केव्हा घेऊ नयेत, हे ठरवता येईल.
• जोडणी तुटण्याच्या लक्षणांवरून तिचे कारण ओळखता येईल.
• पिन, केबल, वीज आणि सॉफ्टवेअर या चारही ठिकाणी प्रतिबंधक उपाय योजता येतील.
• पानांची मोजणी करून सुटलेले पान त्याच दिवशी शोधता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे झाडीपट्टीचा भाग आहेत. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा, वडसा या परिसरात दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटके रंगतात. दंडार, खडी गंमत, दंडीगान यांची परंपरा याच भूमीत टिकून आहे. झाडीपट्टी रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली आणि या रंगभूमीकडे राज्याबाहेरच्या रसिकांचेही लक्ष गेले. मात्र या रंगभूमीच्या लिखित सामग्रीकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. नाटकांच्या हस्तलिखित संहिता, सूचकाच्या हातातील खाडाखोड केलेल्या वह्या, दंडारीच्या गाण्यांची बाडे, हिशेबाचे कागद हे सारे बहुधा खाजगी घरांतच असते. ते पेटीत, फडताळात किंवा आढ्याला टांगलेल्या गाठोड्यात सापडते.

मराठीच्या अभ्यासकाला क्षेत्रीय कार्यात अशी सामग्री मिळाली, तर ती सोबत नेण्याची परवानगी क्वचितच मिळते. घरधनी एखादी दुपार देतो, समोर बसतो आणि पाने उलटू देतो. त्या दुपारी जे छायाचित्रात आले, तेवढेच अभ्यासकाच्या हाती उरते. पुन्हा येणे सोपे नसते. भामरागडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. वडील माणूस गेल्यावर पुढच्या पिढीने वह्या रद्दीत दिल्या, हा अनुभवही संग्राहकांना नवा नाही.

म्हणूनच कॅमेरा आणि लॅपटॉप यांना जोडणारी केबल, ही दिसायला क्षुल्लक वस्तू, या घटकाचा विषय आहे. ती निसटली तर काम थांबते. ती निसटली आणि आपल्या लक्षात आले नाही, तर संहितेचे पान हरवते. हे दोन्ही धोके टाळण्याची रीत आपण येथे पाहणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ संलग्न छायाचित्रण : स्वरूप आणि उपयोग

कॅमेरा यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून, घेतलेले प्रत्येक छायाचित्र तत्क्षणी लॅपटॉपमध्ये उतरवण्याच्या पद्धतीला संलग्न छायाचित्रण म्हणतात. छायाचित्रकार तिला ‘टेदरिंग’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ जनावराला बांधण्याचे दावे असा आहे.

हस्तलिखितांसाठी या पद्धतीचे तीन लाभ आहेत. पहिला, कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर स्पष्ट वाटणारे अक्षर मोठ्या पडद्यावर धूसर निघते, आणि ते तिथल्या तिथे कळते. पेन्सिलीने लिहिलेली समासातील टीप, पुसट अनुस्वार, काना की खोडरेघ असे प्रश्न पान समोर असतानाच सोडवता येतात. दुसरा लाभ म्हणजे फायलींना संहितेचे नाव आणि अनुक्रमांक आपोआप देता येतो. तिसरा, कॅमेऱ्याला हात न लावता लॅपटॉपवरून कळ दाबता येते, त्यामुळे कॅमेरा हलत नाही.

प्रत्येक प्रसंगी ही पद्धत योग्य ठरत नाही. रात्रीच्या मंडपात दंडारीचा प्रयोग टिपताना माणसे आणि मुले इकडून तिकडे जात असतात. तेथे जमिनीवर केबल पसरणे कॅमेऱ्यालाही धोक्याचे आणि माणसांनाही. अशा वेळी छायाचित्रे कार्डावरच घ्यावीत. मार्कंडा येथील देवालयसमूहासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकात ट्रायपॉड वापरण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाचे नियम पाहून परवानगी घ्यावी लागते. संलग्न छायाचित्रणाची खरी जागा घरातले टेबल ही आहे. तेथे कॅमेरा स्थिर असतो, वस्तू स्थिर असते आणि पाने अनेक असतात.

स्वतःचा कॅमेरा नसेल, तर तालुक्याच्या गावातील लग्नसमारंभाची छायाचित्रे काढणाऱ्या व्यावसायिकाकडून तो एका दिवसापुरता मिळू शकतो. केबल मात्र मागून, तपासून घ्यावी. कॅमेऱ्यासोबत आलेली मूळ केबल बहुधा हरवलेली असते.

५.२.२ सुटलेल्या पानाची किंमत

पाठचिकित्सेच्या अभ्यासात ‘खंडित प्रत’ ही संज्ञा आपल्याला भेटते. एखादे पान गहाळ झाले की पाठात रिकामी जागा राहते, आणि पुढच्या संपादकाला ती अन्य प्रतींच्या आधारे किंवा अनुमानाने भरावी लागते. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत खालशाच्या धाडीत नष्ट झाली आणि पुढे शिष्यांच्या स्मरणातून निरनिराळे पाठ सिद्ध झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या पाठभेदांतून वाट काढण्यासाठी डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकाला दीर्घ परिश्रम घ्यावे लागले.

झाडीपट्टीतील नाट्यसंहितेला अनेकदा दुसरी प्रतच नसते. सूचकाची वही हीच एकमेव प्रत असते. तिचे पान छायाचित्रात आले नाही आणि पुढे वहीही गेली, तर ती जागा भरण्यास कोणताही आधार उरत नाही. खंडित पोथीत निदान पान नसल्याची खूण दिसते. छायाचित्रांच्या मालिकेत मात्र फायलींचे क्रमांक सलग असतात आणि मधला प्रवेश तेवढा नसतो. पूर्णतेचा असा भास निर्माण होणे हे जोडणी तुटण्यापेक्षाही गंभीर आहे.

५.२.३ दोषाचे निदान

जोडणी तुटली की बहुतेक जण पिन काढून पुन्हा घालतात. त्याने काम तात्पुरते सुरू होते, पण कारण तसेच राहते. लेखनिकाच्या चुका जशा प्रकारांवरून ओळखता येतात, तशी जोडणी तुटण्याचीही पाच ठळक लक्षणे आहेत.

(१) हालचालीबरोबर तुटते. पान उलटताना हात केबलला लागला, टेबल हलले, कॅमेरा खाली-वर केला की जोडणी जाते. दोष पिन आणि पोर्ट यांच्या पकडीत आहे.

(२) ठरावीक विश्रांतीनंतर तुटते. घरधन्याशी दोन मिनिटे बोलून पुन्हा कळ दाबली की कॅमेरा सापडत नाही. दोष ‘झोपे’चा आहे. कॅमेरा किंवा लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी निद्रिस्त झाला आहे.

(३) कारणाशिवाय, अधूनमधून तुटते. विशेषतः मोठी फाईल उतरत असताना मध्येच थांबते. दोष केबलची लांबी, तिचा दर्जा किंवा मधले जोड यांत असतो.

(४) विजेबरोबर तुटते. घरातील वीज गेली किंवा कॅमेऱ्याची बॅटरी उतरली की जोडणी जाते.

(५) केबल जोडलेली आहे, पण सॉफ्टवेअरला कॅमेरा दिसतच नाही. बहुधा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने कॅमेऱ्याचा ताबा घेतलेला असतो, कॅमेऱ्यातील यूएसबीची निवड चुकलेली असते, किंवा केबल फक्त चार्जिंगची असते.

निदान करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि सॉफ्टवेअर एकदम बदलले तर दोष जातो, पण तो कशात होता हे कळत नाही आणि पुढच्या घरी तो परत येतो.

५.२.४ पिनेवरील ताण दूर करणे

पहिल्या लक्षणाचा उपाय सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात कॅमेऱ्याच्या हानीचाही संभव असतो. यूएसबीची पिन संदेश वाहण्यासाठी आहे, वजन पेलण्यासाठी नाही. मायक्रो-बी आणि टाइप-सी या प्रकारच्या पिना सुमारे १०,००० वेळा आणि मिनी-बी पिना सुमारे ५,००० वेळा घालण्या-काढण्याचा ताण सोसतील, या मानकाने बनवलेल्या असतात. पण हा हिशेब सरळ घालण्या-काढण्याचा आहे. आडवा हिसका त्यात धरलेला नाही. तसा एकच जोराचा झटका पोर्टला ढिले करू शकतो, आणि पोर्ट मुख्य पट्टीवर झाळलेले असल्यास दुरुस्ती महाग पडते.

येथे बैलाचे उदाहरण उपयोगी पडेल. शेतकरी दावे गळ्यात बांधतो. ओढ बसली तर ती मानेवर बसावी, वेसणीवर बसू नये. कॅमेऱ्याची पिन म्हणजे वेसण. ओढ तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच कशावर तरी थोपवली गेली पाहिजे. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

पिन पूर्ण आत बसवा. पोर्टचे रबरी झाकण पिनेखाली अडकत नाही ना, हे पाहा. अर्धवट बसलेली पिन हे अनेक तक्रारींचे मूळ असते.

पिनेपासून साधारण १० ते १५ सेंटिमीटर केबलची सैल कमान ठेवा आणि तेथे केबल कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीला किंवा ट्रायपॉडच्या डोक्याला बांधा. बांधण्यासाठी वेल्क्रोची पट्टी उत्तम. ती नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा सुती नाडाही चालतो. बारीक तार किंवा घट्ट दोरा वापरू नये, कारण तो केबलच्या आतील तारा दाबतो. काही कॅमेऱ्यांसोबत केबल धरून ठेवणारा छोटा प्लास्टिकचा चिमटा मिळतो. तो डब्यातच पडून राहतो, तो शोधून लावावा.

दुसरी गाठ ट्रायपॉडच्या पायाशी बांधा. तेथून टेबलापर्यंतची केबल जमिनीवर न लोंबता टेबलाच्या कडेने न्या आणि कापडी चिकटपट्टीने बसवा. लॅपटॉपच्या बाजूलाही अशीच सैल कमान ठेवून टेबलाच्या पायाशी गाठ मारा. लॅपटॉपचे मोठे यूएसबी पोर्ट अनेक वर्षांच्या पेनड्राइव्हच्या वापराने सैल झालेले असते, हे विसरू नये.

वहीचे छायाचित्र घेताना कॅमेरा खाली तोंड करून टांगलेला असतो. केबल तशीच सोडली तर ती पानावर सावली पाडते आणि पान उलटणाऱ्या हाताला अडते. म्हणून ती आधी वर, मग दांड्याच्या कडेने मागे न्यावी. पान उलटणारी व्यक्ती ज्या बाजूला बसते, तिच्या विरुद्ध बाजूने केबल जावी.

शेवटी ओढ-चाचणी घ्या. पहिल्या गाठीखालची केबल हळूच ओढा. गाठ ताणली गेली पाहिजे, पिन तसूभरही हलता कामा नये. पिन हलली तर गाठ पुन्हा बांधा.

केबलचा रंगही विचारात घ्यावा. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर काळी केबल दिसत नाही. व्यावसायिक छायाचित्रकार भडक नारिंगी केबल वापरतात, ती याच कारणाने. साध्या केबलला ठिकठिकाणी रंगीत चिकटपट्टी गुंडाळूनही तेच साधते.

५.२.५ केबलची निवड

मोबाइलच्या चार्जरसोबत मिळणाऱ्या काही केबलींमध्ये केवळ विजेच्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या तारा नसतात. अशी केबल कॅमेऱ्यात चपखल बसते, पण लॅपटॉपला कॅमेरा कधीच दिसत नाही. घरून निघण्यापूर्वी त्याच कॅमेऱ्याशी आणि त्याच लॅपटॉपशी केबल जोडून पाहणे हीच खात्रीची परीक्षा होय.

लांबीबाबत मर्यादा आहे. यूएसबी २.० साठी एका सलग केबलची मर्यादा ५ मीटर धरली जाते. यूएसबी ३ च्या वेगासाठी सुमारे ३ मीटरपेक्षा लांब साधी केबल भरवशाची राहत नाही. संदेश वाटेत क्षीण होतो आणि जोडणी अधूनमधून सुटते. टेबलावरील कामासाठी २ ते ३ मीटर पुरतात. फार आखूड केबलही वाईट, कारण ती ताणलेली राहते.

केबल वाढवण्यासाठी मध्ये जोड लावण्याचा मोह टाळावा. प्रत्येक जोड ही निसटण्याची नवी जागा आहे. अंतर खरोखरच जास्त असेल, तर संदेश पुन्हा सबळ करणारी ‘ॲक्टिव्ह’ विस्तारक केबल घ्यावी. पोर्ट कमी आहेत म्हणून हब वापरावा लागला, तर तो स्वतंत्र वीज घेणारा असावा. शक्यतो कॅमेऱ्याची केबल थेट लॅपटॉपला, आणि माऊससारखी इतर साधने हबला, अशी विभागणी ठेवावी.

केबल गुंडाळताना कोपर आणि पंजाभोवती आवळून गुंडाळू नये. मोठ्या सैल वेटोळ्यात ठेवावी. जेथे ती रोज दुमडते, तेथेच आतील तार तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एक जादा केबल थैलीत असणे ही चैन नाही. गावातील दुकानात मोबाइलची केबल मिळेल, पण कॅमेऱ्याची मिनी-बी किंवा रुंद मायक्रो-बी केबल मिळेलच असे नाही.

५.२.६ वीज आणि यंत्रांची झोप

वीज वाचवण्यासाठी कॅमेरा काही काळ स्वस्थ राहिला की निद्रिस्त होतो. कंपनीनुसार या निवडीचे नाव ‘ऑटो पॉवर ऑफ’, ‘स्टँडबाय टायमर’ किंवा ‘पॉवर सेव्ह’ असे असते. काम सुरू करण्यापूर्वी ती बंद करावी किंवा तिचा अवधी सर्वांत मोठा ठेवावा.

लॅपटॉपही पोर्टची वीज काढून घेतो. विंडोज प्रणालीत ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत निवडींत ‘यूएसबी सेटिंग्ज’खाली ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ अशी नोंद असते. ती ‘डिसेबल्ड’ करावी. ही नोंद न दिसल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावरील, वीज वाचवण्यासाठी साधन बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढावी. लॅपटॉप आपोआप झोपण्याचा अवधीही ‘कधीच नाही’ असा ठेवावा. काम संपल्यावर या निवडी पूर्ववत करता येतात.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. या निवडी दोन प्रसंगांसाठी वेगवेगळ्या असतात : चार्जर लावलेला असताना आणि बॅटरीवर असताना. पुष्कळ जण पहिलीच बदलतात. मग दुपारी वीज जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो, जुन्या निवडी लागू होतात आणि काही मिनिटांत कॅमेरा तुटतो. चार आणि दोन क्रमांकांची लक्षणे अशी एकत्र दिसतात. म्हणून दोन्ही रकाने बदलावेत, आणि घरून निघण्यापूर्वी चार्जर काढून दहा मिनिटे चाचणी घ्यावी.

संलग्न छायाचित्रणात कॅमेरा सतत जागा असल्याने त्याची बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते. पूर्ण चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या हव्यात. बॅटरी शेवटच्या रेषेवर येण्याची वाट न पाहता, संहितेचा अंक किंवा प्रवेश संपताच ती बदलावी. विजेचा भरवसा असेल तेथे बॅटरीच्या आकाराचा, थेट विजेवर चालणारा जोडही वापरता येतो. वीज जाणाऱ्या गावात मात्र तो आपत्ती ठरतो.

५.२.७ सॉफ्टवेअर

खर्चिक सॉफ्टवेअर घेण्याची आवश्यकता नाही. कॅननचे ‘ईओएस युटिलिटी’, निकॉनचे ‘एनएक्स टेदर’ आणि सोनीचे ‘इमेजिंग एज’ हे त्या-त्या कंपनीचे मोफत प्रोग्राम आहेत. विंडोजवर ‘डिजीकॅमकंट्रोल’ आणि लिनक्सवर ‘एन्टँगल’ किंवा ‘डार्कटेबल’ हेही विनामूल्य मिळतात. आपला कॅमेरा त्यांच्या यादीत आहे की नाही, हे आधी पाहावे.

एका वेळी एकच प्रोग्राम कॅमेऱ्याशी बोलू शकतो. कॅमेरा जोडताच ‘फोटो आयात करायचे का?’ असे विचारणारी खिडकी उघडत असेल, तर ती सोय बंद करावी. आंतरजालावर फायली आपोआप चढवणारे प्रोग्रामही कामापुरते बंद ठेवावेत. कॅमेऱ्यातील यूएसबीची निवड दूरनियंत्रणाची असावी. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत तिला ‘पीसी रिमोट’ म्हणतात. काही कॅमेऱ्यांत वाय-फाय चालू असताना यूएसबी काम करत नाही, म्हणून तेही बंद ठेवावे.

छायाचित्र लॅपटॉपसोबत कॅमेऱ्याच्या कार्डावरही साठवले जावे, ही निवड सर्वांत मोलाची. काही प्रोग्रामांत ती आपोआप असते, काहींत मुद्दाम करावी लागते, काही जोडींत मिळतच नाही. चार छायाचित्रे घेऊन, कार्ड काढून, ती खरोखर तेथे आहेत का हे डोळ्यांनी पाहावे. दुहेरी साठवण असली की केबल तुटली तरी पान हरवत नाही.

५.२.८ ऋतुमान

चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली लॅपटॉप तापतो, मंदावतो, आणि फाईल उतरण्यास वेळ लागतो. लॅपटॉपखाली हवा खेळती ठेवावी आणि शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. खाणपट्ट्यातील कोळशाची व रस्त्याची धूळ पोर्टमध्ये बसते. ती हवेच्या फुग्याने काढावी, तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा जातो. पावसाळ्यातील दमट हवेत पिनेच्या धातूवर गंज धरतो. केबल आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावेत. कागदासाठीही दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम, पण तोच नाटकांचा हंगाम असल्याने संहिता तेव्हा वापरात असते. हंगाम संपून होळी झाल्यावर, उन्हाळा चढण्याआधी घरधन्याकडे वेळ मागणे सोयीचे पडते.

५.२.९ पानांची मोजणी

वरील सर्व उपाय करूनही जोडणी एखाद्या वेळी तुटतेच. ती तुटलेली आपल्या नजरेतून सुटू नये, यासाठी मोजणी असते.

पान आणि पृष्ठ यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. एका पानाला दोन पृष्ठे असतात. उघडलेल्या वहीची समोरासमोरची दोन पृष्ठे एका छायाचित्रात घेतली, तर अपेक्षित छायाचित्रांची संख्या आधीच काढता येते. समजा, वहीत ९६ पाने म्हणजे १९२ पृष्ठे आहेत. मुखपृष्ठाची आतील बाजू आणि पहिले पृष्ठ येथून सुरुवात करून शेवटचे पृष्ठ आणि मलपृष्ठाची आतील बाजू येथपर्यंत ९७ जोडपृष्ठे होतात. बाहेरची दोन वेष्टने मिळवली की ९९ छायाचित्रे. सूत्र सोपे आहे : पानांची संख्या अधिक ३.

काम सुरू करण्यापूर्वी घरधन्यासमोर पाने मोजावीत आणि अपेक्षित संख्या नोंदवहीत लिहावी. दर १० छायाचित्रांनंतर लॅपटॉपवरील शेवटची फाईल आणि समोर उघडे पान जुळते का, हे पाहावे. चिकटवलेली चिठ्ठी, फाटलेला तुकडा, दोनदा घेतलेले छायाचित्र यांची वेगळी नोंद करावी, म्हणजे हिशेब बिघडत नाही. शेवटी संख्या ९९ आली तरच वही परत बांधावी. ९८ आली, तर एक जोडपृष्ठ सुटले आहे, आणि ते शोधण्यास अजून अवधी आहे, कारण वही समोरच आहे.

५.२.१० जोडणी तुटलीच तर

पान उलटणाऱ्यास थांबवा आणि वही त्याच जागी उघडी राहू द्या. कॅमेरा लगेच बंद करू नका. काही कॅमेऱ्यांत न उतरलेली छायाचित्रे तात्पुरत्या स्मृतीत असतात आणि कॅमेरा बंद होताच जातात. कार्डाचा दिवा लुकलुकत असल्यास तो विझेपर्यंत थांबा. मग कॅमेरा बंद करून पिन पुन्हा बसवा, कॅमेरा सुरू करा, गरज पडल्यास प्रोग्राम पुन्हा उघडा. फाईलचा अनुक्रमांक जेथे थांबला होता तेथूनच पुढे जातो का, हे तपासा. काही प्रोग्राम तो १ पासून सुरू करतात. शेवटी, दोन जोडपृष्ठे मागे जाऊन पुन्हा छायाचित्रे घ्या. एखादे दुबार झाले तर नंतर गाळता येते, सुटलेले मात्र भरता येत नाही. नोंदवहीत वेळ, पृष्ठ आणि लक्षणाचा क्रमांक लिहा.

घर सोडण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि एक प्रत घरधन्याला द्यावी. नाट्यसंहितेवर लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे लेखकाचा व त्याच्या वारसांचा स्वामित्वहक्क असतो. त्यामुळे अभ्यासाखेरीज अन्य उपयोगासाठी हक्कदाराची लेखी संमती आवश्यक आहे.

५.३ सारांश

संलग्न छायाचित्रण हस्तलिखित संहितांच्या जतनासाठी उपयुक्त आहे, कारण चूक पान समोर असतानाच दिसते. जोडणी पाच प्रकारांनी तुटते आणि प्रत्येक प्रकाराचे लक्षण वेगळे असते. पिनेवर ओढ येऊ न देणे, योग्य लांबीची सलग केबल वापरणे, कॅमेरा व लॅपटॉप दोघांनाही झोपू न देणे आणि एकाच प्रोग्रामला कॅमेरा सोपवणे, हे चार प्रतिबंधक उपाय होत. दुहेरी साठवण आणि पानांची मोजणी हे त्यांचे पाठबळ आहे. या दोन गोष्टी पाळल्या तर केबल तुटल्याने फक्त वेळ जातो, संहिता खंडित होत नाही.

५.४ पारिभाषिक शब्द

संलग्न छायाचित्रण – कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून केलेले छायाचित्रण.
पोर्ट – यंत्रावरील, केबलची पिन बसण्याची जागा.
जोडपृष्ठ – उघडलेल्या वहीची समोरासमोरची दोन पृष्ठे.
ओढ-चाचणी – केबल ओढून पिनेवर ताण येतो का, हे पाहण्याची कृती.
खंडित प्रत – काही पाने गहाळ असलेली हस्तलिखित प्रत.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. घरधन्याशी बोलणे आटोपून कळ दाबल्यावर कॅमेरा सापडत नाही. दोष कोणता?
२. ४८ पानांच्या वहीची जोडपृष्ठांनुसार किती छायाचित्रे अपेक्षित आहेत?
३. वीज गेल्यानंतर काही मिनिटांनी जोडणी तुटली, तर कोणती निवड तपासावी?

(आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. फायलींचे क्रमांक सलग असूनही संहिता अपूर्ण कशी असू शकते, ते स्पष्ट करा.
२. दंडारीच्या रात्रीच्या प्रयोगात संलग्न छायाचित्रण का टाळावे?

(अ) मधील प्रश्नांची उत्तरे : १. कॅमेरा किंवा लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी निद्रिस्त झाला आहे. २. ५१. ३. लॅपटॉप बॅटरीवर असतानाची यूएसबी व झोपेची निवड.

५.६ उपक्रम

आपल्या घरातील किंवा शेजारच्या घरातील एखादी जुनी वही परवानगीने घ्या. ती भजनांची असेल, लग्नगीतांची, हिशेबाची किंवा नाटकाची. पाने मोजून अपेक्षित छायाचित्रसंख्या लिहा. या घटकातील क्रमाने कॅमेरा जोडा, ओढ-चाचणी घ्या आणि संपूर्ण वहीची छायाचित्रे घ्या. कॅमेरा उपलब्ध नसल्यास मोबाइलने छायाचित्रे घेऊन मोजणीचा भाग पूर्ण करा. प्रत्यक्ष संख्या, तुटलेल्या जोडणीच्या नोंदी आणि सापडलेली कारणे यांचा दोन पृष्ठांचा अहवाल तयार करून अभ्यासकेंद्रातील संमंत्रकांना दाखवा.